नऊ नंबरचा डबा

सोमवारी पहाटे फूटपाथवरच्या पेपर विकायच्या नऊ नंबरच्या डब्यावर नारिंगी स्टिकर दिसलं आणि माझं डोकंच फिरलं. बाकीच्या एकोणीस डब्यांना कुणी हात लावला नव्हता. बँकेसमोरच्या डब्यात वीस पेपर टाकले तर सोळा परत उचलावे लागतात, तो शाबूत. बस स्टँडवरच्या डब्याचं दार लाथ घातल्याशिवाय उघडत नाही, तोही शाबूत. आणि माझा नऊ नंबर म्हणे बेवारस!

स्टिकरवर लिहिलं होतं, की फूटपाथविषयीच्या नव्या नियमांनुसार दोन तपासण्यांत या पेटीत त्या दिवसाचा अंक आढळला नाही. तिसऱ्यांदा आढळला नाही तर पेटी हलवण्यात येईल. हरकत असेल त्यांनी गुरुवारी दुपारी दोन वाजता नगर परिषदेत हजर राहावं. खाली सही, ड्वेन क्रॉसर, निरीक्षक.

ड्वेनला मी तो शाळेत जायचा तेव्हापासून ओळखते. सरळ पोरगा, पण हातात मोजपट्टी आली आणि बिघडला. मुख्य रस्त्याला नवी वीट बसवली, झाडांच्या कुंड्या मांडल्या, तेव्हापासून परिषदेला आमचे डबे डोळ्यांत खुपायला लागले. डबा फूटपाथच्या कडेपासून अठरा इंच आत हवा. आगीच्या नळापासून पाच फूट लांब हवा. खांबाला साखळीने बांधायचा नाही. रंग गडद हिरवाच हवा. सगळं ऐकलं मी. रंगाचा ब्रशसुद्धा मीच फिरवला.

पण नऊ नंबर रिकामा का दिसतो, हे ड्वेनला कोण सांगणार? या डब्यात मी पंचवीस पेपर ठेवते आणि सव्विसावा पुढच्या काचेत लावते. माणूस नाणी टाकतो, दार ओढतो, एक पेपर घेतो. मनात आणलं तर सगळा गठ्ठा उचलता येईल, बघायला कुणी नसतं. पण आमची माणसं एकच घेतात. गठ्ठा संपला की शेवटचा माणूस नाणी टाकून काचेतला काढून घेतो, हे सगळ्यांना मान्य आहे. साडेसातला काच मोकळी. आणि ड्वेनसाहेब कॉफी ढोसून येतात दहाला! म्हणजे ज्या डब्यातला एकूण एक पेपर खपतो तो बेवारस, आणि ज्याच्याकडे कुत्रं फिरकत नाही तो नियमात बसतो.

नऊ नंबर आहे नदीकाठच्या म्हाताऱ्यांच्या इमारतीसमोर. बारा मजले, आणि सगळे गिरणीतून निवृत्त झालेले, नाहीतर त्यांच्या विधवा. लॉबीत एकदा चोरी झाली तेव्हापासून पेपर टाकणाऱ्याला आत सोडत नाहीत. म्हणून ही मंडळी रात्रीच्या कपड्यांवर कोट चढवून खाली येतात. आमच्या गावात पेपर मागून उघडतात. मागच्या पानावर मृत्यूच्या बातम्या असतात. कोण गेलं, पार्थिव कुठल्या हॉलमध्ये ठेवलंय, दर्शन दोन ते चार की सात ते नऊ. ते वाचल्याशिवाय इथे कुणाचा दिवस ठरत नाही.

त्या रांगेत पहिला नंबर मिसेस पॅलको यांचा. वय शहाऐंशी, हातात चालायचा घोडा, म्हणजे वॉकर, पायांत सपाता. दोन्ही डोळ्यांना अंधुक दिसतं, म्हणून त्यांचं पान मी वाचायची.

"आलं का?" त्या विचारायच्या.

मी बोट फिरवायची. "नाही आलं."

"बरं." आणि मग कुठे त्यांचा श्वास सुटायचा.

त्या विचारायच्या ते नाव म्हणजे मार्गिट सोल्टिस. मिसेस पॅलको यांची धाकटी बहीण. पुलापलीकडे राहते, गाडीने सात मिनिटं. आईच्या अंत्यविधीच्या दिवशी मिसेस पॅलको आत भांडी विसळत होत्या तेव्हा मार्गिटने आईचं अक्रोड दळायचं यंत्र गुपचूप गाडीत ठेवलं. त्याला एकतीस वर्षं झाली. तेव्हापासून दोघी बोललेल्या नाहीत. हे त्यांनी मला दोन वर्षांपूर्वी सांगितलं. बर्फाचा पाऊस पडत होता म्हणून त्या माझ्या व्हॅनमध्ये येऊन बसल्या होत्या. आधी शपथ घातली, कुणाला सांगायचं नाही.

"मग फोन करा की," मी म्हटलं होतं.

"तिने करावा. यंत्र तिने नेलं."

"आणि तिचं काही बरंवाईट झालं तर?"

"म्हणून तर पेपर बघते. तिची पोरं मला कळवणार आहेत होय? जिवंतपणी नाही, निदान शेवटचं तोंड तरी बघेन."

स्टिकरचं सांगितलं तेव्हा त्यांचे हात घोड्यावर घट्ट आवळले गेले. "बर्निस, डबा गेला तर मला कोण सांगेल गं?"

"मी फोन करीन ना."

"तू रजेवर गेलीस तर? मेलीस तर?" त्या म्हणाल्या. "आणि घरात फोन वाजला की मला धडकी भरते. इथे उभ्याने ऐकायची सवय झालीये मला, पोरी. असंच ऐकायचंय."

त्या दिवसापासून माझं कशात चित्त लागेना. ऑफिसात जाऊन खपाचे आकडे मागितले. मॅनेजर म्हणाला, एका डब्यासाठी एवढा उपद्व्याप कशाला, गेला तर गेला, तेवढाच तुझा फेरा कमी. त्याच्या टेबलावरचं पंचिंग मशीन उचलून त्याच्याच डोक्यात घालावंसं वाटलं.

मग मीच शक्कल लढवली. काच रिकामी दिसते ना? मंगळवारी सव्विसावा पेपर मी काचेच्या आतून रुंद चिकटपट्टीने चारी बाजूंनी असा पक्का चिकटवला, की शेवटच्या माणसाला तो निघूच नये. दहाला ड्वेन आला तेव्हा काचेत पेपर होता. तो बघून पुढे गेला. मी कोपऱ्यावर व्हॅनमध्ये बसून स्वतःवरच खूश.

बुधवारी कडाक्याची थंडी पडली. नवा पेपर लावायला गेले तर चिकटपट्टी निघेना. नखं मोडली, किल्लीने खरवडलं, तरी निघेना. पुढचे अकरा डबे राहिले होते आणि बोटं बधिर झाली होती. म्हटलं, राहू दे, तारीख कोण बघतंय?

ड्वेनने बघितली.

गुरुवारी परिषदेच्या खोलीत लांब टेबलापलीकडे तिघं बसले होते. मधे अध्यक्षबाई, फुलांच्या दुकानाच्या मालकीण. विटा आणि कुंड्या ही त्यांचीच हौस. ड्वेनने तीन फोटो मांडले. पहिल्या दोनांत काच रिकामी. तिसऱ्यात मंगळवारचा पेपर, आणि बाजूला ड्वेनने स्वतःचा बुधवारचा पेपर धरलेला.

"मिसेस होलुब, हा अंक कालचा नाही ना?" अध्यक्षबाईंनी मला विचारलं.

"नाही. पण आत काल पंचवीस ताजे होते. सगळे खपले. रिकामा म्हणजे खपलेला!"

"फोटोत दोन्ही सारखंच दिसतं."

"मग सकाळी सहाला येऊन फोटो काढा की! दहाला काय चर्चलासुद्धा कुणी नसतं!"

"निरीक्षकांची वेळ नियमात ठरलेली आहे," त्या थंडपणे म्हणाल्या. "आणि शिळा अंक चिकटवून ठेवणं ही पेटी सोडून दिल्याचीच खूण नाही का? वापरातल्या पेटीत असं कोण करेल?"

पुरावा मीच माझ्या हाताने चिकटवून ठेवला होता. आणि मग तोंडातून निघायला नको होतं ते निघून गेलं.

"तिथे एक बाई रोज पहाटे आपली बहीण मेली का ते बघायला येते!" मी ओरडलेच. "ती पलीकडे, ही अलीकडे, मधे पूल. तिला सांगणारं दुसरं कुणी नाही. हा डबाच सांगतो. तुमच्या कुंड्या सांगणार आहेत का तिला?"

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. निकाल तोच लागला. शुक्रवारी दुपारी बारा वाजता पेटी हलवावी.

बाहेर व्हरांड्यात ड्वेन मागून आला. "मिसेस होलुब, ती बहीण पलीकडे कुठे राहते?"

"तुला काय करायचंय? तिलाही स्टिकर लावणार आहेस?"

मी मागे वळूनही बघितलं नाही. गाडीत बसल्यावर निकाल डोक्यातून गेला, मी काय बोलून बसले तेवढंच राहिलं. मी नाव घेतलं नव्हतं, पण एवढ्याशा गावात नाव कशाला घ्यावं लागतं? संध्याकाळपर्यंत बाराही मजल्यांना कळणार होतं.

शुक्रवारी मिसेस पॅलको खाली आल्याच नाहीत. मी मागचं पान दोनदा वाचलं. नाव नव्हतं. पण हे सांगायचं कुणाला? सातव्या मजल्यावरची त्यांची खिडकी उजळलेली होती. मी खालून हात केला. पडदा हललासुद्धा नाही. दुपारी ड्वेन आणि आणखी एकाने डबा ट्रकमध्ये चढवला. मी बघायला थांबले नाही.

शनिवारी पहाटे तिथे गंजाचा एक चौकोन राहिला होता. नियमांचा कागद मी तोवर तीनदा वाचला होता. त्यात पेटीची उंची होती, रुंदी होती, रंग होता. डब्याच्या जागी उभ्या राहणाऱ्या बाईबद्दल एक अक्षर नव्हतं. मी पेपरांचा गठ्ठा कमरेवर घेतला आणि त्या चौकोनात जाऊन उभी राहिले. माणसं आली, हसली, नाणी माझ्या कोटाच्या खिशात टाकून एकेक पेपर घेऊन गेली. माझी नजर दारावरच. सहा वाजले, सव्वासहा झाले. एकदा वाटलं, वर जाऊन दार वाजवावं. पण कुठल्या तोंडाने जायचं?

तेवढ्यात ड्वेन आला. गाडी कोपऱ्यावर सोडून पायी, शिकारीची टोपी घातलेला, गळ्यात ओळखपत्र नाही.

"ये, घे माप," मी म्हटलं. "कडेपासून अठरा इंच आहे मी. रंग तेवढा हिरवा नाही."

"मिसेस पॅलको येतात ना इथे?"

"कुणी सांगितलं तुला नाव?"

उत्तर यायच्या आधी दार उघडलं आणि घोडा खडखडत बाहेर आला. मिसेस पॅलको माझ्यासमोर येऊन थांबल्या. त्यांनी ड्वेनकडे बघितलंसुद्धा नाही.

"गावभर केलंस," त्या म्हणाल्या.

"केलं. चुकलं माझं."

त्यांनी घोडा आणखी एक पाऊल पुढे सरकवला. मग हळूच म्हणाल्या, "आलं का?"

"नाही आलं. कालही नाही."

"बरं."

ड्वेनने टोपी काढली. "मिसेस पॅलको, मी पुलापलीकडे राहतो. मिसेस सोल्टिसच्या शेजारी. त्यांच्या पायऱ्यांवर बर्फ असतो, म्हणून त्यांचा पेपर रोज मीच आत नेऊन देतो. त्या मागून उघडतात. भिंग घेऊन कुणी पॅलको आहे का ते बघतात, 'नाही' म्हणतात आणि बाकीचा पेपर मलाच देऊन टाकतात. तीन वर्षं झाली. मला वाटायचं, म्हाताऱ्या माणसाचा चाळा असेल. परवा सुनावणीत डोक्यात प्रकाश पडला. काल त्यांना विचारलं. म्हणाल्या, पलीकडे माझी थोरली बहीण आहे, तिचा मुलगा मला कळवायचा नाही."

मिसेस पॅलको यांचा चेहरा लाल झाला. "तीन वर्षं माझ्या मरणाची वाट बघतेय?"

"आणि तुम्ही काय करताय?" मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, आता घोडा घालतात डोक्यात. मग खिशातून नाणी काढून माझ्या तळहातावर ठेवली. मी पेपर पुढे केला, तो घेतला नाही.

"गाडीत जागा आहे?"

"आहे. पण अकरा डबे भरायचेत अजून."

"भरत भरत जाऊ. एकतीस वर्षं थांबले, अकरा डब्यांनी काय होतंय?"

म्हणायला म्हणाल्या. पण तिसऱ्याच डब्याला त्यांनी हॉर्न वाजवला. पाचव्याला म्हणाल्या, "या बँकवाल्याला कशाला हवेत एवढे?" सातव्यानंतर मी सरळ पुलाकडे गाडी घातली. मागून ड्वेनची गाडी येत होती. मिसेस पॅलको सारख्या सीटवर पुढे सरकत होत्या, पुन्हा मागे टेकत होत्या. पायांत त्याच सपाता.

"समोर गेल्यावर काय म्हणणार?" मी विचारलं.

"म्हणेन, यंत्र दे माझं."

गल्ली वळली. ड्वेन आज आमच्या मागे होता, त्यामुळे पेपर आत द्यायला कुणी आलं नव्हतं. तो फाटकाजवळ बर्फात तसाच पडला होता. आणि पायऱ्यांच्या वर, उघड्या दारात, एक लहानखुरी म्हातारी शाल पांघरून, हातात भिंग घेऊन रस्त्याकडे बघत उभी होती.

"हळू, मिसेस पॅलको, गाडी थांबू द्या," मी म्हणेपर्यंत त्यांनी दाराची कडी ओढलीसुद्धा.