जैनबबीला कोणी सांगितलं नाही

घरात माणूस शिरल्याचं जैनबबीला आधी पायांना कळलं. दारातली सुटी फरशी हलली, मग बाजेला कोणाचा तरी धक्का लागला, आणि बिडीचा वास आला. आसिम बिडी ओढत नव्हता.

“कोन हाय?” तिने विचारलं.

समोरच्याने उत्तर दिलंही असेल. अठरा वर्षांपूर्वी मेंदूज्वराने तिचे कान नेले होते आणि पुढे काचबिंदूने डोळे. राजूरच्या त्या दोन खोल्यांत ती आणि तिचा मुलगा आसिम, दोघंच राहत. आसिम वणीला ट्रकच्या गॅरेजात मेकॅनिक होता. सकाळी आठला जायचा, तो दिवेलागणीला परतायचा. मंगळवारी आणि शुक्रवारी समीक्षा यायची. ज्यांना दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही अशांसाठी वणीतल्या काही जणांनी ‘सोबत’ नावाची संस्था काढली होती, तिची ही कार्यकर्ती. जैनबबी मराठी शाळेत चौथीपर्यंत गेलेली. तेवढ्यावर समीक्षाने तिच्या तळहातावर बोटाने अक्षरं गिरवायला घेतली, आणि तीन महिन्यांत दोघींच्या गप्पा सुरू झाल्या. समीक्षा लिहायची, जैनबबी तोंडाने बोलायची. आसिमही शिकला. मोहल्ल्यात मात्र तिसऱ्या कोणाला ती अक्षरं ठाऊक नव्हती.

आज बुधवार होता. आज कोणी येणार नव्हतं.

“बोला ना! कोन हाय घरात?”

तिच्या खांद्यावर हात पडला. जाड, घामाने ओला, पुरुषाचा. जैनबबी गोधडी शिवत बसली होती. मांडीवरची कात्री तिने उचलली आणि अंदाजाने मारली. कात्री कशात तरी रुतली. हात झटक्यात गेला. फरशी पुन्हा हलली.

ती भिंतीला पाठ लावून बसली. माणूस गेला की तिथेच उभा आहे, हे कळायला मार्ग नव्हता. तो हातभर अंतरावर उभा राहून आपल्याकडे बघत असेल. तिने कात्री चारी बाजूंना फिरवून पाहिली. कुठेच काही लागलं नाही. घरात काय आहे नेण्यासारखं? शिलाई मशीन. आसिमच्या लग्नासाठी ठेवलेल्या चांदीच्या पाटल्या. आणि ती स्वतः.

“या अल्ला,” ती पुटपुटली. “आसिम, लवकर ये रे बाबा.”

थोड्या वेळाने फरशी थरथरली. या खेपेला पुष्कळ पाय होते. एका हाताने तिचं मनगट धरलं, दुसऱ्याने कात्री ओढून घेतली. दोघांनी काखेत हात घालून तिला उठवलं. ती किंचाळली, पाय झाडले, कोणाच्या तरी हाताला चावली.

“सोडा मले! कुठी नेऊन राह्यले? माह्या पोराले येऊ द्या!”

बाहेरचं ऊन तोंडावर आलं. मग रेक्झिनची गरम सीट, डिझेलचा वास, आणि गाडी हलली. शेजारी बसलेल्या कोणीतरी तिला घट्ट कवटाळलं होतं. हातात बांगड्या होत्या. बाई होती म्हणून तिला किंचित धीर आला, पण बाईच्या सगळ्या अंगाला कंप सुटलेला होता. ते कळलं तशी जैनबबी जास्तच घाबरली. तिने आपला तळहात उघडून पुढे धरला.

“लिव ना बाई. काहीतरी लिव.”

त्या बाईने तो तळहात नुसता दोन्ही हातांनी दाबला.

वाटेत जैनबबीने ओरडणं सोडलं. खड्डे लागत होते, कोळशाची धूळ दाताखाली येत होती. म्हणजे वणीचा रस्ता. तिला कुठेतरी नेऊन टाकत असतील. न दिसणारी, न ऐकणारी बाई कोणाला हवी? पण आसिम असं करेल? सकाळी त्याने तिच्या हातावर ‘डबा घेतला’ एवढंच लिहिलं होतं.

गाडी थांबली. फिनेलचा वास आला. तिला बाकावर बसवलं. किती वेळ गेला कोण जाणे. मग कोणीतरी समोर गुडघ्यावर बसलं आणि तिच्या तळहातावर बोट टेकलं.

स. मी. क्षा.

जैनबबीने ते बोट मुठीत धरलं, सोडेचना. समीक्षाने हलकेच सोडवून घेतलं आणि लिहिलं: ‘आसिम. जॅक घसरला. पाय मोडला. जिवंत आहे.’

“पुन्हा लिव.”

‘जिवंत आहे.’

“खोटं नाही ना, पोरी?”

समीक्षाने तिला उठवून आत नेलं. खाटेवरचा हात आसिमचा होता, ग्रीसने खरबरीत झालेला. त्याने स्वतः लिहिलं: ‘अम्मी, रडू नको.’ अक्षरं वाकडीतिकडी होती, पण त्याचीच.

मग बाकीचं कळलं. गॅरेजमालकाने शेजारच्या देवसिंगला फोन केला होता; समीक्षाला आसिमने दवाखान्यातून बोलावून घेतलं होतं. देवसिंग कोळशाच्या ट्रकवर ड्रायव्हर. या घरात तो पहिल्यांदाच पाऊल टाकत होता. कात्री त्याच्या दंडात रुतली; दवाखान्यात आल्यावर पाच टाके पडले. तेव्हा तो बायकोला, म्हणजे भुरीबाईला, आणि आणखी चौघांना घेऊन परत आला. आईला पोराजवळ नेलंच पाहिजे, एवढं सगळ्यांना कळत होतं. तिला ते सांगायचं कसं, हे मात्र एकालाही ठाऊक नव्हतं. गाडीत भुरीबाई वाटभर रडत होती.

“माह्या हातून पाप झालं,” जैनबबी देवसिंगचा हात शोधत म्हणाली. “पर तुमी सांगतलं काहून नाही?”

देवसिंग समीक्षाकडे वळला. “मले येतच नाही तर सांगू कसा, ताई? तिच्या खांद्यावर हात ठेवला, तं ती मेल्यावानी पांढरी पडली. मीबी भेलो.”

समीक्षाने ते लिहून सांगितलं. आपलंच चुकलं, असंही तिने खाली लिहिलं. दोन वर्षं ती या घरात येत होती आणि शेजारचं दार तिने एकदाही वाजवलं नव्हतं.

आसिमचं प्लॅस्टर निघायच्या आधीच ‘सोबत’ने तळहातावरची अक्षरं शिकवायला मोहल्ल्यात सतरंजी अंथरली. नऊ जण आले. जैनबबीच्या पाठीवर बोटाने फुली काढली की धोका, मुकाट बरोबर चालायचं, हे ठरलं. देवसिंगला अक्षरं जमेनात. त्याचा ‘द’ दर वेळी ‘ढ’ व्हायचा आणि जैनबबी त्याला दहादा गिरवायला लावायची.

भीती काही गेली नाही. दारातली फरशी हलली की आजही तिचं अंग आखडतं. सतरंजीवरच्या त्या पहिल्याच दिवशी तिने सगळ्यांना एकच बजावलं होतं.

“आधी नाव लिवा. मंग काय न्यायचं ते न्या.”