मला तिरपं धरावं लागतं

मित्रांनो, मी एक जुना, वायरचा माइक आहे. हुबळीतल्या एका नागरिक मंडळाच्या सभागृहात माझी हयात गेली. अध्यक्ष विठ्ठलरावांनी मला हौसेनं आणलं, तेव्हा माझी जाळी लखलखायची. नळाला पाणी नाही, गटार तुंबलंय, असल्या तक्रारी मी पालिकेच्या साहेबांच्या कानांवर घातल्या आणि शाबासकी मिळवली. येणारा जाणारा माझ्या डोक्यावर टिचकी मारायचा. मी ते लाड समजायचो.

पुढे मंडळाला जगाची काळजी वाटू लागली. दर महिन्याला सभासदांसाठी 'जगाच्या घडामोडी' हा कार्यक्रम सुरू झाला. मोठमोठे वक्ते येत, लढाया समजावून सांगत. शेवटी प्रश्न विचारायचा हक्क फक्त सभासदांना. पण आमचे सभासद प्रश्न कसले विचारतात, भाषणंच ठोकतात!

एव्हाना माझ्या मानेजवळची तार सुटत आली होती. सरळ धरलं की मी मुका, डावीकडे तिरपं धरलं की पुन्हा बोलता. चिटणीस नागेश दर वेळी नवी चिकटपट्टी गुंडाळायचे आणि म्हणायचे, "चालतंय की अजून!" जुन्या सभासदांच्या हातांना माझी खोड सवयीची झाली होती. त्यामुळे मला दुरुस्तीला न्यायचं कुणाच्या मनातच आलं नाही.

हुबळीतल्याच उणकल भागातल्या सुनिताताई मात्र नव्या होत्या. प्रश्न विचारता यावा म्हणून त्या एका कार्यक्रमापुरत्याच सभासद झाल्या. त्यांचा मुलगा आकाश गोकुळ रोडच्या कारखान्यातलं काम सोडून परदेशी गेला, आणि त्याच देशात लढाई पेटली. तो बंदराच्या फाटकाबाहेर अडकला होता. वरून नाव कळवल्याशिवाय आत घेत नव्हते. अर्ज करून करून ताईंचा जीव मेटाकुटीला आला होता.

वक्ते होते गुरुराज, परराष्ट्र खात्यातून निवृत्त झालेले. बोलता बोलता ते म्हणाले, "उद्या पहाटे आपल्या लोकांना घेऊन तिथून जहाज निघतंय. आज रात्री तिथल्या अधिकाऱ्यांशी माझं बोलणं होईल."

मागच्या रांगेत ताईंचा हात वर गेला. पण मान आधी अध्यक्षांचा. विठ्ठलरावांनी मला सराईतपणे तिरपं धरलं आणि दुसऱ्या महायुद्धापासून सुरुवात केली. ताईंचा हात तसाच वर होता. मी मनातून ओरडत होतो, अहो, आवरा! पण माझा आवाज माझा कुठे असतो?

गुरुराज घड्याळ बघत उठले, कारण त्यांचं विमान होतं. तेव्हा कुठे मी ताईंच्या हातात पोचलो. विहारात मेणबत्ती धरावी तसं त्यांनी मला दोन्ही हातांनी धरलं, अगदी सरळ.

"सर, माझा आकाश..."

आणि मी मुका झालो.

"केळसवल्दु, अक्का! ऐकू येईना!" लोक ओरडले. कुणी हसलं. "तिरपं धरा की!" कुणी सांगितलं, पण त्या गलक्यात ते ताईंपर्यंत गेलंच नाही. गुरुराज जिना उतरू लागले होते. ताई मला घेऊनच धावल्या. माझी वायर तटकन तुटली. खाली गाडीची काच बंद होती. ताई काचेसमोर उभ्या राहून बोलत होत्या, आणि बोलत होत्या माझ्यातच. आकाशचं नाव, गाव, बंदर, फाटक, सगळं. गुरुराजांना वाटलं, बाई निरोप देताहेत. त्यांनी आतून हात जोडले. गाडी निघून गेली.

हकिगत कळताच नागेशनी फोन लावला. तो बंद लागला. पुन्हा लावला, पुन्हा बंद.

सकाळी ते उणकलला आले. ताई ओशाळल्या. "माइक न्यायला आलात, अण्णा? चुकून माझ्यासंगं आला बघा. वायर तुटली हो माझ्याकडनं."

नागेश मान वर करीनात. "अक्का, साहेब आत्ता फोनवर भेटले. जहाज पहाटेच गेलं. परत कधी, त्यांनाही ठाऊक नाही. म्हणाले, नुसतं नाव कानावर आलं असतं तरी..."

"तेच सांगत होते की मी," ताई म्हणाल्या. "ह्यात सांगत होते."

"तुमची चूक नाही, अक्का. ह्याला तिरपं धरावं लागतं."

ताईंनी मला उचललं आणि हळूच डावीकडे कलवलं.

"असं?"

"हां," नागेश म्हणाले. "असंच."

त्यांनी मला परत नेलं नाही. मंडळात आता बिनवायरचा नवा माइक आहे म्हणे. मी ताईंच्या फळीवर पडून असतो. मित्रांनो, सुटलेली तार वेळेवर जोडा. ते नसेल जमत, तर नव्या माणसाच्या हातात वस्तू देताना तिची खोड तरी आधी सांगा. आणि ज्याचा जीव टांगणीला लागलाय, त्याला पहिल्यांदा बोलू द्या.

काल आकाशचा फोन आला होता. तो अजून फाटकाबाहेरच आहे.