दुमडीची खुंटी

शाळा मी एका त्रिकोणापायी सोडली. बाळाजी मास्तरांनी फळ्यावर एक कललेला त्रिकोण काढला, शेंड्यापासून पायाच्या मधोमध रेघ मारली नि म्हणाले, दोन्ही तुकडे सारखे. मी म्हटलं, न्हाय, लांबवाला मोठा हाय, आंधळ्यालाही दिसेल. ते म्हणाले, दिसतं ते नको, सिद्ध कर. मी म्हटलं, मग डोळे देवानं नाक पुसायला दिलेत काय? छडी बसली. पाटी त्यांच्या पायाशी आपटून मी घरी आलो. मिठाच्या सत्याग्रहाचं साल होतं, अर्धी पोरं तशीही शाळेत नव्हती.

त्यानंतर बाप गेला नि शिवदासकाकानं खळं वाटून मागितलं. खळं म्हणजे शेणानं सारवलेली जागा, तिच्यावर आय जवळा, ती बारीक कोळंबी, पसरून वाळवते. जवळा वाळला न्हाय तर कुजतो, नि कुजला तर पावसाळ्यात आमी खाणार काय?

आमचं खळं तिकोनी. शेंड्याला समुद्राकडं वेताळाचा धोंडा, समोर खाडीचा बांध. धोंडा बांधाच्या मधासमोर न्हाय, गावाच्या बाजूला सरकलेला. येसाजी पाटलांनी रीतीप्रमाणं बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी धरली, दुमडली, दुमड आली तिथं खुंटी ठोकली, नि खुंटीपासून धोंड्यापर्यंत चुन्याची रेघ ओढली. गावाकडचा तुकडा काकाचा, बुटका. पल्याडचा आमचा, लांबच लांब.

काका आमच्या तुकड्याच्या काठानं चालत गेला नि परत येऊन बोंबलायला लागला की पोराला शेत दिलंत नि मला ओटा. बोंबील दोरीवर वाळतात, म्हणून आमच्यात जो तो लांबी बघतो. येसाजी पाटलांनीही डोळे बारीक केले. म्हणाले, दिसतंय खरं मोठं. उद्या माणसं जमवू नि खुंटी पोराच्या तुकड्यात सरकवू.

मला राग आला तो काकाचा न्हाय. मलापण आमचाच तुकडा मोठा दिसत होता. राग आला तो फळ्यावरचा त्रिकोण आठवला म्हणून. तोच त्रिकोण, तीच रेघ, नि काकाच्या तोंडात माझेच शब्द.

तसाच मास्तरांकडं गेलो. ते ओटीवर सुपारी कातरत होते. मी म्हटलं, चला, येऊन सांगा त्यांना दोन्ही सारखे म्हणून. ते म्हणाले, मी कशाला, खळं तुझं हाय. मग काडीनं अंगणात तोच त्रिकोण काढला. पाया दुमडीवर तुटलाय, म्हणजे दोघांचे पाये सारखे. शेंडा एकच, म्हणजे शेंड्यापासून पायाच्या रेघेवर सरळ ओळंबा सोडला तर उंचीही एकच. पाया गुणिले उंची, त्याचं अर्ध. मी म्हटलं, पण लांब तुकडा लांब हाय. ते म्हणाले, लांब हाय नि बारीकपण हाय. मी त्यांच्याशी इतका भांडलो की मास्तरीणबाई आतून बघायला आल्या. शेवटी भांडायला काय उरलंच न्हाय. त्याचाच जास्त संताप आला.

"परत शाळेत ये," मास्तर म्हणाले.

मी अंगणातला त्रिकोण पायानं पुसला नि निघालो.

दुसऱ्या दिवशी खळ्यावर सगळा कोळीवाडा. मी पाया सांगितला, उंची सांगितली, वाळूत काढून दाखवलं. सगळे हसले. येसाजी पाटील म्हणाले की पोरा, वाळूतला जाऊ दे, खळ्यातला बघ. काका म्हणाला, "शाळेनं हाकलला, तो आमाला शिकवतोय. डोळे फुटलेत काय रं तुझे?"

माझ्या डोक्यात आग गेली.

"सारखे न्हायत ना? मग बदल," मी म्हटलं. "आमचा लांब तू घे, तुझा बुटका आमाला. खुंटी हाय तिथंच ऱ्हाईल."

आयनं माझं मनगट धरलं, नखं रुतली. काका लगेच व्हय म्हणाला, मी शब्द फिरवायच्या आत. येसाजी पाटलांनी वेताळापुढं नारळ ठेवला. झालं. आता कुणाला बोलता यायचं न्हाय.

घरी आय एवढंच म्हणाली, "बाप असता तर तुला खाडीत बुडवला असता." मग जवळा येईपर्यंत माझ्याशी बोलली न्हाय. मी रोज त्या बुटक्या तुकड्याकडं बघायचो. पाया सारखा, उंची एक, असं तोंडानं म्हणायचो, नि डोळे म्हणायचे, मेलास.

जवळा आला. सारख्याच पाट्या दोन्ही घरांत. आयनं पहिली पाटी रागानं ओतली, मी खराट्यानं पातळ पसरली. दुसरी, तिसरी. तुकडा भरत गेला, बांधाला टेकला, चुन्याच्या रेघेला टेकला. शेवटची पाटी आय डोक्यावरच धरून उभी. मग धोंड्याजवळच्या कोपऱ्यात ओतली. मावली. वर एक चटई टाकायपुरती जागा उरली.

पलीकडं काकाचापण जवळा पसरून झाला होता. त्याच्याकडंही चटईएवढीच जागा. तो त्या लांब काठानं वर गेला, खाली आला, परत वर गेला. हरवलेली कोंबडी शोधावी तसा.

आय कमरेवर हात ठेवून आमचा तुकडा न्याहाळत होती.

"मावलं खरं," ती म्हणाली, "पण लहानच हाय रं हे."

"सारखंच हाय," मी ओरडलो, नि खराटा फेकला. कारण मलापण ते लहानच दिसत होतं.