ई अक्षरापाशी

"ए पासून आत, दुडकी चाल," राजेंद्रनं वाचलं. कागद त्यानं दोन्ही हातांनी धरला होता.

करमाडजवळच्या त्या मैदानाच्या कडेनं इंग्रजी अक्षरांच्या पाट्या होत्या. त्याची मुलगी प्रेरणा शेवंती घोडीवर बसून, तो वाचेल त्या अक्षरापाशी तो सांगेल ती चाल करत होती. वाचणाऱ्यानं कागदावरचंच वाचायचं. एक शब्द जास्त निघाला तर मदत केली म्हणून बाद. समोर बसलेल्या परीक्षक बाई प्रत्येक चालीला दहापैकी गुण सांगत, शेजारची मुलगी लिहून घेई. साठ टक्के पडले तरच राज्याचा संघ.

वाचायचं काम मंजुषाचं, प्रेरणाच्या आईचं होतं. ती ई अक्षरापाशी उभी राहायची. तिला जाऊन पाच महिने झाले होते. राजेंद्र समोरच्या बाजूला, बी पाशी उभा होता. सकाळी ई कडे जायला त्याचे पाय उचलले नव्हते.

"मध्यभागी थांबणे. अभिवादन."

प्रेरणानं मान लववली. शेवंती थांबली खरी, पण मान वळवून ई कडे बघत राहिली.

गुणपत्रिका हातात आली. सहा, सहा, साडेसहा, साडेपाच. शेवटच्या थांब्याला चार. शेरा होता, घोडीचं लक्ष बाहेर. एकूण दोनशेपैकी ११९.५, म्हणजे ५९.७५ टक्के.

"अर्ध्या गुणानं गेलं की वो भाऊ," घोडीची निगा राखणारा मोतीराम म्हणाला. "मुकं जनावर कुणाला हुडकतंय, ते त्या बाईला कळू नाय व्हय?"

"त्यांनी बरोबर दिलेत, मामा. मान वळली तर गुण जाणारच." प्रेरणा घोडीचा पट्टा सैल करत होती. "दुपारी अजून एक फेरी आहे, बाबा. तिच्यात साठ पडले तरी चालतं."

"मी कुठं उभा राहू?"

"कुठंही राहा. मला ऐकू येतं."

तिनं वर पाहिलं नाही.

दुपारी बेल व्हायच्या आधी राजेंद्र मैदानाला वळसा घालून ई च्या पाटीपाशी आला. सगळं वाचून झालं, शेवटची ओळ आली.

"मध्यभागी थांबणे. अभिवादन."

शेवंती थांबली. तिचा एक कान त्याच्याकडे वळला. मान सरळच राहिली.

बाईंनी आकडा सांगितला, मुलीनं लिहून घेतला. राजेंद्रनं तिकडं पाहिलं नाही; तो शेवंतीच्या त्या कानाकडे बघत होता.