पांढरी कोळंबी

संस्थेत दोन गोष्टींवर वाद घालायची पद्धत नव्हती. समुद्राच्या तळाशी उकळत्या झऱ्यांभोवती राहणारी कोळंबी आंधळी असते, ही एक. आणि सरांचा चहा बिनसाखरेचा असतो, ही दुसरी. दोन्ही सरांनीच ठरवलेल्या. कोळंबीच्या आंधळेपणावर सरांना नाव, मान आणि कोपऱ्यावरची हवेशीर खोली मिळाली होती. त्यामुळे तिने पुढेही आंधळं राहणं सगळ्यांच्याच सोयीचं होतं.

पंचाईत एवढीच झाली, की उलटं म्हणणारी बाई घरातलीच निघाली. सरांची सून. प्रयोगशाळेत ती त्यांना सर म्हणे, घरी बाबा. चहा दोन्हीकडे तीच करी.

तिचं म्हणणं साधं होतं. या कोळंबीला तोंडावर डोळे नाहीत, कबूल. पण पाठीवर एक चकाकता पट्टा असतो, आणि झऱ्याच्या तोंडाशी जो मंद उजेड असतो, आपल्याला दिसणारही नाही असा, तो तिला त्या पट्ट्याने कळतो. सरांनी पाणबुडीचे झगझगीत दिवे लावून कोळंबी पकडली, त्यात पट्टा करपला. म्हणजे आंधळी कोळंबी सरांना सापडली नव्हती, सरांनी केली होती. हे तिने प्रबंधात अतिशय सभ्य भाषेत लिहिलं होतं. सभ्य भाषा सरांना फार चांगली कळत असे.

प्रबंध तपासणारी समिती जिवंत कोळंबीखेरीज दुसरा पुरावा मानणार नव्हती. तसा नियम सरांनीच घातला होता. आणि अंधारात पकडून आणलेल्यांपैकी जिवंत उरली होती एकच. जाड पोलादी टाकीत, तळाइतक्याच दाबाखाली, दोन पडद्यांआडच्या खोलीत तिचा मुक्काम. खोलीत फक्त मिणमिणता लाल दिवा, कारण लाल उजेड पट्ट्याला कळत नाही. टाकीच्या एका टोकाला अगदी फिका निळा ठिपका लावला की ती वळून तिकडे सरके. समितीसमोर एकदा सरकली की पदवी, आणि पदवीबरोबर दुसऱ्या गावातली नोकरी. म्हणजे वेगळं घर.

"तुझी कोळंबी एकदा वळू दे," नवरा म्हणाला होता, "मग मी बाबांना सांगतो." नवऱ्याचं शौर्य हे असं दुसऱ्याच्या पाठीवर अवलंबून असे.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी सगळे जेवायला बसले होते. सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, "आज दुपारी मी आले होते हो तुझ्या कोळंबीच्या खोलीत. तू बाहेर गेली होतीस. काय सुंदर आहे गं ती. पांढरीशुभ्र."

सुनेचा हात ताटावरच थांबला. "पांढरी? आई, तिथल्या दिव्यात सगळं लालच दिसतं."

"अगं, मला काहीच दिसेना. मग ह्यांनी मोठा दिवा लावला ना."

सुनेने सासऱ्यांकडे पाहिलं. ते शांतपणे घास चावत होते.

"बाबा, तुम्ही दिवा लावलात?"

"लावला. आंधळीच आहे, तिला काय फरक पडतो?" त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "आता तुझं म्हणणं खरं असेल, तर माझ्या हातून मोठी चूक झाली. उद्या कळेलच."

नवऱ्याने भात मागितला.

दुसऱ्या दिवशी समितीचे तिघे जण लाल उजेडात दाटीवाटीने उभे राहिले. मागे सर आणि सुनेचं कौतुक पाहायला आलेल्या सासूबाई. निळा ठिपका लागला. कोळंबी जागची हलली नाही. सुनेने ठिपका दुसऱ्या टोकाला नेला. कोळंबी आपल्या मिशा साफ करत बसली. समितीचे अध्यक्ष खोकले. खोकण्यात सहानुभूती होती, पण सही नव्हती.

"काल इथे मोठा दिवा लावला गेला," सून म्हणाली. "परवापर्यंत ती वळत होती."

"दिवा कोणी लावला?"

"सरांनी."

अध्यक्षांनी सरांकडे पाहिलं. सर दुःखाने हसले. घरातल्या माणसाने असं बोलावं, याचं ते हसू होतं.

"आई होत्या बरोबर," सून म्हणाली. "आई, सांगा ना. कोणत्या रंगाची दिसली तुम्हाला?"

सासूबाईंनी पर्स छातीशी धरली. एकदा सरांकडे पाहिलं, एकदा टाकीकडे.

"लाल," त्या म्हणाल्या. "सगळं लालच दिसत होतं."

सर मनाने मोठे. त्यांनी सुनेला वाऱ्यावर सोडलं नाही. प्रबंधाचं नाव बदलून घेतलं, कोळंबीच्या अंधत्वाचा एक नवा पुरावा म्हणून तोच प्रयोग आत घातला, आणि पदवी मिळवून दिली. दुसऱ्या गावच्या नोकरीची गरज उरली नाही. इथेच जागा काढली. नवऱ्याला सुटल्यासारखं झालं.

पुढच्या सफरीत पाणबुडीतून खाली तिलाच पाठवलं. उकळत्या झऱ्याच्या तोंडाशी उभ्या, काळा धूर ओकणाऱ्या चिमणीवर हजारो कोळंब्या एकमेकींवर चढत होत्या, सगळ्यांचे पट्टे तिथल्या मंद उजेडाकडे. वरून फोनवर सरांचा आवाज आला, "फोटो स्वच्छ हवेत." तिने सगळे दिवे लावले.

फोटो फारच छान आले. सासूबाईंनी एक फ्रेम करून दिवाणखान्यात टांगला आणि पदराने काच पुसली.

"बघ," त्या सुनेला म्हणाल्या, "मी म्हटलं नव्हतं? पांढरीशुभ्र."