फूटभर कमी

टेलरबाईंना मनासारखी जागा सापडली ती समुद्राजवळच्या एका जुन्या गावात, दगडी गल्लीच्या टोकाला. चाळीस फूट लांब, पंचवीस रुंद. तेवढ्यात दोन खोल्या आणि पडवी सहज उभी राहील. सव्वीस वर्षं त्या भाड्याच्या खोलीत शिवत होत्या, आणि खालचे घरमालक दुपारी आडवे झाले की वर मशीन बंद. गिऱ्हाईक दारात ताटकळत असलं तरी बंद. आपल्या घरात वाटेल तेव्हा मशीन चालवायचं, एवढंच बाईंना आयुष्यात हवं होतं.

जागेचे मालक होड्या बांधणारे सुतार. वय सत्तरीपुढे, मान अजून ताठ. मुलं लांब शहरात, होड्या आता कारखान्यातून येतात, म्हणून घराशेजारची कामाची जागा त्यांनी विकायला काढली होती. मात्र सुट्टीपुरतं कुलूप उघडणाऱ्यांना द्यायची नाही, हा त्यांचा हट्ट. बाई कायमच्या राहायला येणार म्हटल्यावर त्यांनी लगेच होकार दिला.

इथवर सगळं सुरळीत होतं. पण दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, आणि जागेच्या व्यवहारात बाईंचं तोंड आधी दोनदा पोळलं होतं. सह्यांच्या दिवशी त्यांनी दोन साक्षीदारांसमोर गळ्यातला कापडी टेप काढला, नवऱ्याला एक टोक धरायला लावलं आणि जागा मोजली. एकोणचाळीस फूट भरली. पुन्हा मोजली, तरी तेवढीच.

"काका, फूटभर कमी आहे," त्या म्हणाल्या. तिथेच थांबल्या असत्या तर बरं होतं. पण आमच्या धंद्यात असं चालत नाही, हेही वर ऐकवलं. सुतारांनी कागदाची घडी घातली, हद्दीचे दगड मी स्वतः रोवलेत एवढंच सांगितलं आणि घरात जाऊन दार लावून घेतलं.

परतताना बाईंच्या तोंडाचा पट्टा रस्ताभर चालू होता. नवरा टपाल वाटणारा. लोकांचा मजकूर पोचवता पोचवता स्वतःचं बोलणं विसरलेला. घरी आल्यावर त्याने शेजारच्या गवंड्याचा पोलादी टेप मागून आणला आणि दोन्ही टेप शेजारी शेजारी पसरले. बाईंचा टेप साठ इंचांत दीड इंच ताणलेला निघाला. पण हे कुणाला कळणार कसं? अंगाचं मापही त्याच टेपने आणि कापडही त्याच टेपने. एक चूक दुसरीला झाकत आली होती. कपडे कसे अंगाला चपखल बसत. जमीन मात्र बाईंनी बेतलेली नव्हती.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. नवऱ्याने सुचवलं, फूटभर सोडून दिला म्हणू, आपलाही मान राहील. बाईंना ते पटेना. असल्या खोट्या मोठेपणावर घराचा पाया घालायचा कसा?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या एकट्याच गेल्या. सुतार ओट्यावर बसले होते. बसा म्हणाले नाहीत.

"काका, जागा पुरी आहे. माझाच टेप ताणलाय," बाई उभ्यानेच म्हणाल्या. "चारचौघांत तुम्हाला खोटं पाडलं, माफीही चारचौघांतच मागेन."

मग टेप ताणलेला असताना कपडे बसले कसे, हे सुतारांनी विचारलं. बाईंनी समजावून सांगितलं, तेव्हा ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. हसू ओसरल्यावर त्यांनी विचारलं, "तुमच्या मशीनचा आवाज फार होतो का?"

हातची जागा पुन्हा जाणार असं बाईंना वाटलं. तरी खोटं बोलवेना.

"होतो. आणि भर दुपारीही चालवणार मी."

सुतार शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले.

"इथली ठोकठोक थांबून बारा वर्षं झाली," ते म्हणाले. "दुपार काही केल्या सरत नाही. साक्षीदारांना बोलवा, आजच सह्या करू."