शंभरापर्यंत ताणलेली मोजपट्टी

मित्रांनो, मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचा जुना आलेख-फलक आहे. आज मी कोअर विभागाच्या फुटक्या खिडकीला आडोसा म्हणून उभा आहे. अंगावर वाळूची पूड बसली आहे, रेघा पुसट झाल्या आहेत. तरी मला माझी गोष्ट सांगायलाच हवी, कारण एका माणसाचा पाय गेला, त्यात माझाही वाटा आहे.

आठ वर्षांपूर्वी गणपतराव पेंटरांनी मला प्लायवूडपासून बनवलं. पांढरा रंग देऊन त्यांनी माझे दोन भाग केले आणि प्रत्येक भागात दीड-दीड इंचाचे वीस चौकोन एकावर एक आखले. डाव्या भागात तळाला शून्य, माथ्याला वीस. महिन्यात किती कामगार भाजले, ते तिथे दिसायचं. उजव्या भागात तयार मालाचे टन, शून्यापासून सहाशेपर्यंत. मग मला हजेरीच्या मशीनशेजारी टांगलं.

सुरक्षेचं काम बघणारा प्रसेनजीत दर महिन्याच्या एक तारखेला लाल चिकटपट्टी मापाने कापून माझ्यावर लावायचा. पहिल्याच महिन्याचा आकडा सोळा होता. ती पट्टी जवळजवळ माथ्याला पोचली. हजेरी लावायला आलेली माणसं माझ्यासमोर थबकली. त्यांत भाऊसो होते. लॅडल, म्हणजे वितळलेलं लोखंड साच्यात ओतायचं मोठं भांडं, ते चालवायचे. त्यांची बायको आक्काताई कोअर विभागात वाळूचे गाभे करायची. भाऊसोंनी सगळ्यांना गोळा करून मालकांकडे नेलं. ओल्या जमिनीवर कोरडी वाळू पडली, नवे बूट आले, पायाला बांधायचे लेगगार्ड आले. दोन वर्षांत माझी पट्टी चारवर उतरली. पाहुणे आले की मालक मला कौतुकाने दाखवायचे. ते माझे चांगले दिवस होते.

मग उदयसिंह नावाचे नवे मॅनेजर आले. काम वाढलं, माणसं तेवढीच राहिली. बूट फाटले तरी नवे येईनात, ओल्या जमिनीवर वाळू पडेना. पट्टी सातवर गेली, मग नऊवर, मग बारावर. तेवढ्यात माल घेणाऱ्या कंपनीचे लोक पाहणीला येणार असल्याचं कळलं. उदयसिंहांनी प्रसेनजीतला माझ्यासमोर उभं केलं आणि वरचा वीस खोडून तिथे शंभर लिहायला सांगितलं.

प्रसेनजीत म्हणाला, "साहेब, मग बाराची पट्टी दिसायचीच न्हाय."

"मी एक तरी आकडा खोटा लिहायला सांगितला का?" उदयसिंहांनी विचारलं.

 प्रसेनजीतच्या घरी आजारी वडील आणि शिकणारी धाकटी बहीण, निशा, होती. त्याने ब्रश घेतला. आता एका चौकोनात पाच माणसं मावू लागली आणि बाराची पट्टी अडीच चौकोनांच्याही खाली आली. उजव्या भागात उलटं झालं. तिथे शून्याच्या जागी चारशे ऐंशी आले आणि माथ्याला पाचशे. चारशे पंच्याऐंशी टनांवरून माल चारशे नव्वदवर गेला, तर नवी पट्टी जुनीच्या दुप्पट उंच दिसू लागली. पाहुण्यांनी माझा फोटो काढला. माझ्या अंगावर एकही आकडा खोटा नव्हता, आणि तरी मी खोटं बोलत होतो.

मित्रांनो, माणसं लांबून उंची बघतात. कडेचे बारीक आकडे कोण वाचतं? हजेरीला येणारे कामगार माझ्या डाव्या बाजूच्या बुटक्या पट्ट्यांकडे बघून निश्चिंतपणे पुढे जाऊ लागले. भाऊसोही जाऊ लागले. लॅडल तिरकं करायच्या चाकाचे दाते झिजले होते. ते बदलावेत म्हणून प्रसेनजीतने दोनदा अर्ज दिला. दोन्ही वेळा उदयसिंहांनी माझ्याकडे बोट करून विचारलं, कुठं वाढलेत अपघात?

एका गुरुवारी दुपारी ते चाक सटकलं. लॅडल कलंडलं, ओल्या जमिनीवर लोखंडाचा रस पडून उसळला. भाऊसोंच्या लेगगार्डचा पट्टा केव्हाच तुटला होता. दवाखान्यात त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

पुढच्या एक तारखेला प्रसेनजीतने तेराची पट्टी लावली. आक्काताई कामावर परतली होती. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"दादा, ह्यात आमच्या ह्यांचं कंचं?"

प्रसेनजीतने पट्टीच्या टोकाला बोट लावलं. एका माणसाच्या वाट्याला करंगळीच्या नखाएवढी जागा आली होती.

"एवढंच व्हय?" ती म्हणाली.

 प्रसेनजीत आत गेला, रंगाचा डबा घेऊन आला आणि दिवसाउजेडी, सगळ्यांसमोर, त्याने शंभर खोडून पुन्हा वीस लिहिलं. मग वर्षभराच्या पट्ट्या नव्याने कापून लावल्या. चारपासून चढत सात, नऊ, बारा आणि शेवटी तेरापर्यंत. जिना चढावा तशा त्या चढत गेल्या. कामगार बघत राहिले. आधी चाक दुरुस्त करा म्हणून त्या दिवशी त्यांनी भट्टी पेटवली नाही. तिसऱ्या दिवशी चाकाला नवे दाते बसले.

पण प्रसेनजीतची बदली भंगाराच्या यार्डात झाली. मला उतरवून इथे आणून लावलं. माझ्या जागी आता मोठा टीव्ही आहे. त्यावर रंगीत पट्ट्या हलतात, पण आक्काताई सांगते की त्यांच्या कडेला आकडेच नाहीत. भाऊसो घरी असतात. जयपूरचा कृत्रिम पाय बसवला आहे, तो दुखतो म्हणून दुपारनंतर काढून ठेवतात.

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. वर्तमानपत्रात, शाळेत, मोबाईलवर, कुठेही अशा पट्ट्या दिसल्या तर उंचीवर जाऊ नका. तळाला शून्य आहे का ते बघा. माथ्याला काय लिहिलंय ते वाचा. एक चौकोन म्हणजे किती माणसं, ते विचारा. आमच्यासारख्या फलकांना स्वतःहून बोलता येत नाही. मोजपट्टी धरणारा हात जसं वदवील, तसंच आम्ही बोलतो.

कोअर विभागात गेल्या आठवड्यात क्रांती नावाची नवी मुलगी कामाला लागली. टीव्हीवरची अपघातांची हिरवी पट्टी बघून ती इथे आली आणि म्हणाली, इथं काय भ्यायचं कारण न्हाय वाटतं. आक्काताईने हातातला गाभा खाली ठेवला आणि तिला थेट मॅनेजरच्या केबिनच्या दारात नेलं.

"आत जा," ती म्हणाली, "आणि ही पट्टी किती माणसांची हाय ते इचार."

क्रांती आत गेली. बऱ्याच वेळाने बाहेर आली. साहेबांनी आकडा न सांगता तिचंच नाव लिहून घेतलं, एवढंच तिने सांगितलं.